अर्ध्या वाटंवरचं जातं

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, मग म्हणीन शहरातली माणसं बी धीराची असत्यात. न्हाई मानला तर माझं काय जातंय? डोंगर तिथंच हाय, जातं बी तिथंच हाय.

बसा. आधी ती पाठीवरली बोचकी उतरवा. एवढं घेऊन डोंगर चढायला आलायसा का डोंगराला जेवू घालायला?

तर ते जातं. कुसळेवाडीचा डोंगर चढताना निम्म्यावर वाट वळती, तिथं मधोमध पडलंय. दोन्ही दगूड हायेत, खुटा कवाच कुजून गेला. माणसं वळसा घालून जात्यात, गुरं बी घालत्यात. त्याला कुणी वर नेत न्हाई, कुणी खाली आणत न्हाई. तुम्ही इचारलंसा का, म्हणून सांगते. मी काय बघाय गेले न्हवते, माझ्या आजेसासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

लई मागं, म्हणे, सुगी सरली आन कणग्या भरल्या की पेंढारी यायचे. पल्याडच्या माळावर घोड्यांचा धुरळा दिसला की गाव डोंगर चढायचं. वर देवीआईचं देऊळ, देवळामागं घळ, घळीत पाण्याचं टाकं. लपायला जागा लई नामी. पर गाव चढायचं कसं, ते ऐका. बाप्यांच्या पाठीवर जोंधळ्याची पोती. बायकांच्या डोक्यावर जाती.

हसू नका. आमच्यात नवरी माहेरनं जातं घेऊन यायची. सासरी येऊन पहिली ओवी गायाची ती त्याच्यावर, आन रडायचं ते बी त्याच्यावरच. जातं टाकून पळाली ती आईला टाकून पळाली, असं बोलायच्या. तवा काखंत लेकरू, डोक्यावर दगूड, अशा बायका चढायच्या. वर गेल्यावर दळायचं, चूल मांडायची, भाकरी थापायच्या. मग चुलीचा धूर आभाळात जायचा, आन खाली पेंढारी म्हणायचे, ती बघा, तिथं हायेत. दोनदा-तीनदा असं झालं तरी कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. दरसाली म्हणायचे, ह्या मेल्यांना कळतं तरी कसं?

त्या गावात गोजरा म्हणून एक सून व्हती. अंगानं काटकुळी, पर खोड्याळ. तिनं गावाबरोबर पहिली पळ केली त्या साली शेजारचा सुभाना म्हातारा मागं राहिला. चालता येत न्हवतं त्याला. लेकाच्या पाठीवर पोतं व्हतं. म्हाताऱ्याला कडब्याच्या गंजीआड बसवलं, पाण्याचा तांब्या दिला, आन उद्या येतो म्हणाले. खाली उतरले तवा गंजी जळालेली. म्हातारा न्हवता. घरोघरी जाती डोक्यावरनं उतरली आन दळाय लागली. गोजरा तो आवाज आयुष्यभर इसरली न्हाई, म्हणे.

कारण तिच्या घरात ठकूबाई व्हती. तिची सासू. त्या साली रडतखडत चढली, पर पुढं गुडघे गेले ते गेलेच. बसून दळायची, बसून भांडायची. ह्या दोघींचं सासू-सुनेचं नातं जगायेगळं. गोजरा तिच्या मशेरीत मिरची घालायची, ठकूबाई तिच्या जोंधळ्यात खडे मिसळून निवडाय द्यायची. गाव म्हणायचं, एका घरात दोन माकडं बांधल्यात.

पुढच्या सुगीच्या आधी ठकूबाई एकदा दळता दळता थांबली आन म्हणाली, "औंदा मला ठेवून जावा. सिदूची पाठ एकच हाय. तिच्यावर पोतं गेलं पायजे. तुम्ही दोघं काय खाणार वर?"

सिदू, म्हंजी गोजराचा नवरा, खाली मान घालून बसला. त्याला माहीत व्हतं आई खरं बोलती.

गोजरा म्हणाली, "आन मी चाळे कुणाशी करू, आत्याबाई?"

तिथनं तिच्या डोक्यात तो किडा शिरला. पाठ एक. तिच्यावर एक तर पोतं बसंल, न्हाई तर सासू. सासूचं वजन काय कमी व्हईना, मग पोत्याचंच कमी केलं पायजे. पर कसं? जोंधळा न्यावा तर जातं आलं, तवा आला, सरपण आलं, धूर आला. भाकरी बांधून न्याव्यात तर दगडावानी जड, आन चार दिसांत बुरशी. खारका-खोबरं न्यावं तर ते पाटलाच्या घरी, आपल्या कुठलं?

अशात नागपंचमी आली. गोजरा लाह्या फोडत बसली. वाऱ्याची झुळूक आली आन सुपातल्या लाह्या भुर्रकन अंगणभर. कोंबड्या धावल्या, पोरं धावली, गोजरा मात्र सूप धरून तशीच उभी. पायलीभर जोंधळा, आन वाऱ्यावर उडतोय! ठकूबाई आतनं शिव्या घालत व्हती, हिला ऐकूच येईना.

मग तिनं चालवले प्रयोग. आधी नुसत्या लाह्या बांधल्या. वजन काय न्हाई, पर गाठोडं हे एवढं, आन खाल्लं तर सावली हलायच्या आत भूक. मग त्याच लाह्या जात्यावर दळल्या. एवढ्या गाठोड्याचं पीठ झालं ओंजळीत मावंल एवढं. पाण्यात कालवलं तर फुगून वाटी भरली. मग त्यात गूळ मिसळून ठेवला, तर मुंग्यांनी वरात काढली. तवापासनं गुळाचा खडा येगळ्या गाठीला, चिमूटभर मीठ आन सुकी मिरची तिसऱ्या गाठीला. सिदूला एक दीस शेतावर तेवढंच दिलं आन संध्याकाळी इचारलं, जेवलासा का? तो म्हणाला, जेवलो की, आज काय झकास केलं व्हतंस. त्याला वाटलं सणाचं हाय. तो आख्खा दीस नांगर हाकून आला व्हता, आन तिनं दिलं व्हतं दोन मुठी पीठ. सासू-सुना तोंडात पदर कोंबून हसल्या.

गावाला सांगितलं तर गाव हसलं ते येगळं. पाटलीणबाई पाणवठ्यावर म्हणाली, लाह्यांवर चिमण्या जगत्यात, माणसं न्हाई. आन जातं खाली ठेवून जायला आम्ही काय उघड्यावरच्या हाय का? झालं, सगळ्या बायका तिच्या बाजूनं. पाटलीणबाईचं जातं गावात सगळ्यात मोठं. ते चढवाय दोन गडी लागायचे.

तवा ठकूबाईनं सुनेला जवळ बोलवलं आन कानात काहीतरी सांगितलं. काय, ते आजपातुर कुणाला कळलं न्हाई. पर तिथनं पुढं गोजरा शेरडं घेऊन रोज डोंगरावर जायची, आन जाताना तिच्या वटीत काहीतरी असायचं. कुणाला संशय यायचं कारण न्हाई. लाह्याचं पीठ वटीत घेतलं तर चाल बी बदलत न्हाई बाईची. इकडं ठकूबाईचं जातं पहाटंपासनं घरघर. शेजारीण म्हणायची, तीन माणसांच्या घरात एवढं कोण खातंय?

सुगी झाली. एका सकाळी गाव न्याहारीला बसलेलं, आन डोंगराच्या खांद्यावरनं गोजरा वरडली, आले, आले.

मग जी पळ झाली! कुणी पोतं उचललं, कुणी जातं. एकानं गडबडीत रिकामीच परात डोक्यावर घेतली. एक नवरा बायकोचं लुगडं फेट्यावानी गुंडाळून धावला, त्यात काय बांधलंय ते त्याला बी ठाव न्हाई. निम्म्या वाटंत सगळ्यांची छाती भरून आली. आन त्या सगळ्यांच्या मधनं सिदू सटासट वर. कमरंला एक पुरचुंडी, पाठीवर ठकूबाई. ती पाठीवरनं एकेकाला इचारत जात व्हती, काय वं, दमलासा का? पोतं लई जड हाय का? माझ्यापरीस?

पाटलीणबाईचे दोन गडी वळणावर आले आन बसले. म्हणाले, बाई, आता जीव घ्या, पर हे दगूड आमच्यानं पुढं न्हाई जायचं. तिनं ते तिथंच टाकलं. रडत रडत वर आली, मोकळ्या हातानं.

वर गेल्यावर खाली बघत्यात तर माळ मोकळा. धुरळा न्हाई, घोडा न्हाई. आन देवळाच्या पायरीवर ठकूबाई बसून पीठ खातीय. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. हे माकडांचं काम.

लई राग आला गावाला. पंच तिथंच देवळापुढं बसले. मरणाच्या गोष्टीची थट्टा करणारी बाई गावात नको, असं ठरलं. पाटील म्हणाला, "आपलं जातं घे आन माहेरी जा." गोजरा देवळाच्या खांबाला धरून उभी. तिला माहेर न्हवतंच. आई गेली, भाऊ गेला, ऱ्हायलेलं तेवढं जातं. एका वरडण्यानं घर गेलं, नवरा गेला, आन जिच्यासाठी केलं ती म्हातारी पुढच्या पळीत गंजीआडच बसणार. ती पाया पडली न्हाई, रडली न्हाई. खाली माळाकडं बघत ऱ्हायली.

आन बघता बघता माळावर धुरळा उठला.

आता ह्यावर आमच्या गावात दोन तट हायेत. एक म्हणतंय, गोजराला शेरडं चारताना लांबचा धुरळा आधीच दिसला व्हता, ती खरंच वरडली. दुसरं म्हणतंय, ती खोटंच वरडली, पर आईनं तिची लाज राखली. माझ्या आजेसासूला मी इचारलं, तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आन म्हणाली, पेंढारी आले न्हवं? मग झालं.

गाव सगळं घळीत. खाली घरं फोडल्याचे आवाज. धुरावरनंच त्यांना कळतं, चूल पेटवू नका, असं गोजरानं सगळ्यांना बजावलेलं. पेंढारी हलंनात. दुसऱ्या दिशी पोरं भुकंनं किरकिराय लागली. पोती हायेत, जोंधळा हाय, पर कच्चा जोंधळा किती चावणार? पाटलीणबाईचा नातू सगळ्यात लहान. त्याचं रडणं तिला बघवंना. तिनं तीन दगूड मांडले, काटक्या गोळा केल्या, चकमक काढली. म्हणाली, धूर झाला तर झाला, पोर तर जगंल. बाकीच्या बायका बी उठल्या आपापल्या पोरांचं बघून.

ठकूबाई ढुंगणानं सरकत सरकत गेली आन त्या तीन दगडांवर बसली. पदरातनं पुरचुंडी काढून पाटलीणबाईच्या हातावर ठेवली.

"घे. भाजलेलं हाय, दळलेलं हाय, गोड बी हाय. फकस्त तुझ्या माहेरचं न्हाई."

पाटलीणबाईनं लई येळ ते हातात धरलं, म्हणे. मग टाक्यातल्या पाण्यात कालवून नातवाला भरवलं. पोर खाऊन तिथंच झोपलं. मग तिनं बोटाला लागलेलं चाटलं.

गोजरानं घळीच्या कपारीतनं पुरचुंड्या काढाय सुरुवात केली. एक काढली, दुसरी काढली, काढतच ऱ्हायली. गावाला पुरल्या. देवीनं पुरवल्या असं सांगत्यात, भटजी तर लई रंगवून सांगत्यात. सांगू द्यात. ठकूबाईचं जातं पहाटंपासनं का घरघरायचं ते देवीला बी ठाव हाय आन मला बी.

त्या दुपारी पेंढाऱ्यांतले दोघं-तिघं वाट हुडकत चढले. गोजरा आन सिदू खडकाआड पालथे पडून बघत व्हते. ते वळणापातुर आले. मधी जातं पडलेलं. एकानं वर बघितलं. धूर न्हाई, चूल न्हाई. त्याला बी आमच्या बायकांची रीत ठाव असणार. तो म्हणाला, बाया जातं टाकून गेल्यात म्हंजी डोंगर वलांडून पार लांब गेल्यात, इथं काय गावायचं न्हाई. घाम पुसला आन उतरले. सांजंला माळावर परत धुरळा दिसला, ह्या खेपंला लांब जाणारा.

गाव खाली आलं. पंचांनी गोजराच्या निकालाचं पुन्हा नाव काढलं न्हाई. पाटलीणबाईचे गडी जातं आणाय निघाले तर तिनंच आडवलं. आईपुढं नारळ फोडून बोलली, ज्यानं त्यांना माघारी धाडलं ते आता त्या जागंचं. माझ्या घराण्यातनं कुणी हात लावायचा न्हाई. मग ती ठकूबाईच्या दारात गेली आन म्हणाली, लाह्या फोडाय मला शिकवा.

तवापासनं गावाचा नेमच पडला, पाठ माणसाला, पुरचुंडी कमरंला. आजही कुसळेवाडीत सून पहिल्यांदा माप वलांडून आत आली की सासू तिच्या कमरंला पुरचुंडी बांधती, मंगळसूत्र मागनं बघती. आजही सुगी सरल्यावर एक दीस गाव पळतंय. त्या दिशी चूल पेटत न्हाई. घरातलं म्हातारं माणूस पाठीवर घ्यायचं आन वर जायचं, जात्यापशी चिमूटभर पीठ टाकायचं. कुणी दुसरं काय घेऊन आलं तर वर्षभर चिडवत्यात. गेल्या साली एका पोरीनं मोबाईलचा चार्जर आणला. डोंगरावर! तिचं नावच पडलंय आता.

तो दीस कंचा, ते ठरलेलं नसतंय. वरडायचा मान गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा, म्हंजी औंदा माझा. तिनं कुणाला आधी सांगायचं न्हाई, लेकाला बी न्हाई. मागल्या साली माझा लेक मला पाठीवर घेऊन निम्म्यावर आला तवा म्हणाला, आये, तू लई जड झालीस. म्हणलं, गंजीआड ठेवतोस का? मग मुकाट चढला.

तो बघा, गोठ्याकडं निघालाय. कमरंला काय दिसतंय का त्याच्या? मला बी दिसंना.

उठा. जावा आता तुम्ही. आन वाट सोडून कडंनं जावा, आज तिथं गर्दी व्हईल.