सहा शिंगांचा राऊटर

वायफायलाही नजर लागते असं लोक मानायचे, त्या काळातली ही गोष्ट. शेवंताकाकूंनी राऊटर लोखंडी कपाटात, साड्यांच्या वर ठेवलेला. मागं भोक पाडून वायर आत घेतलेली. धूळ नको, नजर नको, म्हणून दार कायम बंद. हसू नका, तुमचा कुठं आहे ते बघा आधी! बिचारा आतून ओरडून दमायचा आणि नेट रडलं की शिव्याही त्यालाच.

एक दिवस काकूंच्या नवऱ्यानं, नानांनी, सहा शिंगांचा, म्हणजे सहा अँटेनांचा, नवा राऊटर आणला. जुन्याची वायर काढून त्याला खालच्या कप्प्यात ढकललं. जुन्याला वाटलं, आता आपल्याला टाकणार!

नवा वरून म्हणाला, "काय म्हातारबा, एका शिंगावर संसार केलास?"

"बाबा, दार लागायच्या आत काय ओरडायचं ते ओरडून घे."

धाडकन दार लागलं. नव्यानं सहाही शिंगं ताणली. अंग तापलं, घाम फुटला. "अहो, माझा आवाज बाहेर जाईना!"

बाहेर काकू कडाडल्या, "अहो, हाही मेला रडकाच निघाला! आठ शिंगांचा आणा."

नवा खाली वाकून कुजबुजला, "म्हातारबा, आता माझं काय होणार?"

जुना जरा सरकला. "ये खाली. डांबरगोळ्यांशेजारी जागा आहे."