चाळिसावं पान

एका राज्यात लोक फुलांना घाबरत.

फूल तरी केवढं? तांदळाच्या दाण्याएवढं, पांढरं. त्याच्या झाडाला म्हणत चांदणी. राजा सुबंधूच्या आजोबांनी समुद्रापलीकडच्या बेटावरून रत्नांची पेटी लुटून आणली, तिच्या फटीत एक बी चिकटून आलं. बेटावरची जादूगारीण तेव्हा एवढंच म्हणाली होती, "माझी रत्नं नेलीत, आता माझं तणही सांभाळा." तिसऱ्या पिढीत चांदणीने निम्मं राज्य व्यापलं. ती उगवे तिथे गवत उगवेना. हात लागला की अंगाची आग होई, गाईंनी खाल्ली की दूध कडू होई. उपटली की दुप्पट येई.

अशा वेळी अंशुमान नावाचा तरुण राज्यात परतला. बारा वर्षं दूरदेशीच्या विद्यापीठात तो किड्यांची विद्या शिकला होता. दरबारात उभा राहून तो म्हणाला, "महाराज, तलवारीने तण मरत नाही. मी तिचा वैरी शोधून आणतो."

"आपले आईवडील कोण, शास्त्रीबुवा?" राजाने विचारलं.

डोंगरावरच्या पाड्यात, पिवळ्या फुलांच्या उतारावर, ठकूबाई नावाची बाई त्या वेळी कारळं खुरपत होती. तिने या मुलाचं नाव भिका ठेवलं होतं. तिचे पाय अनवाणी, हाताला कारळ्याच्या तेलाचा वास.

"मला कुणी नाही, महाराज," अंशुमान म्हणाला.

सिंहासनामागे साळुंकी बसली होती. ती राज्याची साक्षीदार. ऐकलेलं विसरत नसे, त्यात पदरचं काही घालत नसे. तिने मान वाकडी करून ते ऐकून ठेवलं.

अंशुमान ती लुटलेली रत्नांची पेटी घेऊन बेटावर पोचला. जादूगारीण दारात बसून भाजी निवडत होती.

"तीन कामं आहेत," ती म्हणाली. "पेटी होती तिथे ठेव." त्याने ठेवली.

"आता माझ्या चांदणीवरचा भुंगेरा जिवंत ने." भुंगेरा मुगाएवढा, राखी अंगावर तपकिरी रेघा. बेटावर चांदणी गुडघ्याएवढीही वाढत नव्हती, कारण पानोपानी भुंगेरे होते. अंशुमानने शंभर भुंगेरे टोपलीत घेतले.

"तिसरं काम घरी. सोडायची घाई करू नकोस. तुमच्या मातीत पिकणारं एकेक पान त्यांच्यापुढे ठेव आणि त्या दिवशी दुसरं काही देऊ नकोस. ज्या पानापुढे ते उपाशी बसले, त्याला जन्मात तोंड लावणार नाहीत. ज्याची ओळख करून दिली नाहीस, ते त्यांना मोकळं."

"किती पानं दाखवू?"

"तुमच्याकडे काय पिकतं ते मला विचारतोस?" ती हसली. "बारा वर्षं शिकलास ना रे?"

परतल्यावर अंशुमानने यादी केली. चाळीस पिकं निघाली. भात, नाचणी, तूर, ऊस. एका दिवशी एक पान पुढे ठेवायचं, दुसऱ्या दिवशी भुंगेऱ्यांना चांदणी खायला द्यायची. ते उपाशी बसत, पण पान खात नसत. अंशुमानही त्या दिवशी उपाशी राही. साळुंकी मोजत होती. एकोणचाळीस झाली.

चाळिसावं कारळं. ते फक्त डोंगरावर पिके. पान आणायला जायचं तर सोबत राजाचे भालदार येणार, आणि पाड्यातली एक बाई सगळ्यांसमोर हाक मारणार, "भिक्या, आलास का रे?"

"चाळिसावं?" साळुंकीने विचारलं.

अंशुमानने मान खाली घातली. "झालं," तो म्हणाला, आणि यादीवर खूण केली.

भुंगेरे सुटले. तीन पावसाळ्यांत त्यांनी बहुतेक चांदणीचा फडशा पाडला. गवत उगवलं, दूध गोड झालं. लोकांनी अंशुमानला हत्तीवरून मिरवलं. चौथ्या पावसाळ्यात भुंगेरे डोंगर चढले.

पाड्यातली माणसं दरबारात आली. हातात कारळ्याच्या नुसत्या काड्या. सर्वांत पुढे ठकूबाई होती.

"महाराज, आमच्याकडे दुसरं काही पिकत नाही," ती म्हणाली. "बियाणंसुद्धा उरलं नाही."

राजा वळला. "शास्त्रीबुवा, कारळ्याचं पान दाखवलं होतं ना?"

"झालं! झालं!" साळुंकी ओरडली. मग अंशुमानच्याच आवाजात म्हणाली, "मला कुणी नाही, महाराज."

ठकूबाईने मान वर केली. तिने त्याचे रेशमी जोडे पाहिले, मग तोंड पाहिलं. क्षणभर तिचे ओठ हलले.

"बाई, यांना ओळखता?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसाला मी कुठून ओळखणार?"

त्याची लाज राखायला ती खोटं बोलली. तेव्हा अंशुमानला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण धरणी तशीच राहिली, आणि त्याला तिथेच उभं राहावं लागलं.

"चाळिसावं पान मी दाखवलं नाही," तो म्हणाला. "पान आणायची मला लाज वाटली. माझं नाव भिका. ही माझी आई आहे."

राजाने शिक्षा सांगायला तोंड उघडलं, तोच ठकूबाई म्हणाली, "शिक्षा मागाहून, महाराज. आधी त्याला राहिलेलं काम करू द्या. चुलीमागच्या फुटक्या मडक्यात कारळ्याचं एक रोप वाचलंय."

जोडे दरबारात ठेवून तो तिच्या मागोमाग डोंगर चढला. भालदार बघत होते. पाड्यातली पोरंही बघत होती.

अंगणात मडकं ठेवून तो बसला. त्याने भुंगेऱ्यांना, विद्यापीठात शिकलेल्या त्यांच्या भाषेत, हाक मारली. सगळ्या उतारांवरून ते आले, आणि अंगण राखाडी झालं. एकदा कारळ्याची चव लागलेले भुंगेरे एका दिवसात ऐकेनात. पहिल्या दिवशी त्यांनी एक पान कुरतडलं. दुसऱ्या दिवशी अर्धं. भिका पाणीसुद्धा प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी भुंगेरे पानापुढे नुसते बसून राहिले, आणि सूर्य माथ्यावर आला तेव्हा उठून चांदणीकडे, खाली उडून गेले.

ठकूबाईने भाकरी आणि कारळ्याची चटणी पुढे ठेवली. गेल्या सालची, बरणीच्या तळातली. त्याचा हात पुढे जाईना.

"जेव की रे," ती म्हणाली. "उपाशी राहून कुणाचं पीक परत येतं का?"

साळुंकी छपरावर येऊन बसली होती. "झालं?" तिने विचारलं.

"नाही," भिका म्हणाला. "अजून पेरायचं राहिलंय."

त्या एका रोपाचं बी झालं, त्या बियांचं शेत झालं, आणि आठ वर्षांनी उतार पुन्हा पिवळे झाले. पुन्हा पेरणं हीच त्याची शिक्षा, राजाने तीच ठरवली. चांदणी आजही त्या राज्यात आहे, बांधाच्या कडेला, गुडघ्याच्या खाली. आता तिला कुणी घाबरत नाही. मात्र नवा किडा सोडायची वेळ आली की यादीत पहिलं पान कारळ्याचं असतं, आणि ते आणायला भिका स्वतः जातो, अनवाणी, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत.