पालथं ताट आणि केळफुलातली परी

समुद्राच्या कुशीत, केळीच्या हिरव्या हिरव्या पानांखाली एक इवलंसं गाव लपलेलं होतं. नाताळ जवळ आला की त्या गावाला जणू पंख फुटत. घराघरावर कागदी चांदण्या लुकलुकत. कुणाची लाल, कुणाची निळी, कुणाची लिंबाच्या सालीसारखी पिवळीधमक. चुलीचुलीतून भाजलेल्या रव्याचा आणि वेलचीचा वास निघे आणि बोळाबोळांतून हुंदडत जाई.

फक्त एका दारापाशी तो वास यायचा, आत डोकावायचा आणि पाय न वाजवता परत फिरायचा. ते दार तेरूचं होतं.

तेरू आठ वर्षांची. तिच्याकडे एकच फ्रॉक होता, तोही धुऊन धुऊन इतका फिका झालेला की तो मूळचा गुलाबी की केशरी, हे आता फ्रॉकलाही आठवत नसेल. तिचे बाबा शेवंतीची फुलं आणि केळीची पानं घेऊन दिवसभर बाजारात बसत. संध्याकाळी घरी येत तेव्हा टोपलीही रिकामी असे आणि तोंडही. सगळे शब्द बाजारातच संपलेले असत.

आणि आई? आई मागच्या वर्षी, पावसाळा सरता सरता देवाघरी गेली होती.

आई होती तेव्हाचा नाताळ तेरूला पाठ होता. समोरासमोर दोन घरं, एका घरात तेरू आणि आईबाबा, दुसऱ्यात थोरले काका आणि काकी. मधे एकच अंगण. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अंगणात चूल मांडायची. मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर केकचं भांडं, झाकणावर लालबुंद निखारे. आणि केक झाला हे कसं ओळखायचं? घड्याळानं नाही काही! थोरले काका व्हायोलिन वाजवायचे, बाबा गायचे, आणि गाण्याची सगळी कडवी संपली की आई झाकण उचलायची. केक अगदी सोनेरी झालेला असायचा. गाण्याचं शेवटचं कडवं असं होतं:

ये रे बाळा, ये रे घरा,
थंडी पडली भारी;
चुलीपाशी जागा आहे,
सरकून बसू सारी.

मग आता काय झालं होतं? एक ताट झालं होतं.

आई गेली त्या नाताळात काकीनं नेहमीसारखं ताट भरून पाठवलं होतं. काठावर निळे मासे असलेलं पांढरं ताट, त्यावर करंज्या, नानकटाई आणि विणलेला रुमाल. गावाची रीत अशी की आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही. पण दुखवट्याच्या घरात गोडधोड करायचं नाही, हीसुद्धा गावाचीच रीत! बाबांनी ताट धुतलं, पुसलं आणि रिकामंच परत पाठवलं.

"माझ्या भावानं मला रिकामं ताट दाखवलं?" थोरले काका गरजले.

"माझं घर रिकामं झालं ते दादाला दिसलं नाही, ताट तेवढं दिसलं!" बाबा म्हणाले.

झालं! अंगणाच्या मधोमध वाळक्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं. व्हायोलिन पेटीत गेलं. शेंबडी पोरं रुसली तर त्यांना कोपऱ्यात उभं करतात. मोठी माणसं रुसली की त्यांना कोण उभं करणार? ती आपली वर्षभर रुसून बसतात आणि कोपऱ्यात उभी राहतात ती पोरंच.

आता पुन्हा नाताळची आदली दुपार आली होती. तेरू मागच्या केळीच्या बागेत एकटीच गेली. तिला काहीतरी गोड खावंसं वाटत होतं, अगदी थेंबभर तरी. केळफुलाच्या जांभळ्या पाकळीआड बारीक पिवळी फुलं असतात, त्यांच्या टोकाशी मधाचा एकेक थेंब असतो. तेरूनं पाकळी हळूच उचलली.

आत एक शिंजीर बसला होता. अंगठ्याएवढा निळाजांभळा पक्षी, थंडीनं फुलून लोकरीच्या चेंडूसारखा झालेला. त्याच्यात चोच उघडायचंही बळ नव्हतं.

"अरे, तू पण एकटाच का?" तेरू म्हणाली. तिनं फूल खुडलं आणि मधाचा थेंब त्याच्या चोचीत सोडला. मग दुसरा. मग तिसरा. शिंजिरानं पंख झटकले आणि तो भुर्रकन उडाला. तेरूसाठी एकही थेंब उरला नाही.

तेवढ्यात केळफूल आतून उजळलं. पाकळी नावेसारखी अलगद खाली झुकली आणि तिच्यातून एक चिमुकली परी बाहेर आली. केळफुलाच्या पाकळीचा तिचा घागरा, पिवळ्या फुलांची वेणी, आणि पाठीवर दवाच्या थेंबांनी विणलेले झिळमिळणारे पंख.

"तेरू," परी म्हणाली, आणि तिचा आवाज काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणला, "माझ्या पाहुण्याला तू तुझा खाऊ दिलास. माग, तीन गोष्टी माग."

तेरूला विचार करावाच लागला नाही. "आई!"

परीचे पंख जरासे मिटले. "नाही गं राणी. गेलेलं माणूस मला आणता येत नाही. तो पहिला नियम."

"मग काका आणि बाबांचं भांडण मिटव."

"कुणाचं मन मी फिरवत नाही. ते ज्याचं त्यानंच फिरवायचं असतं. तो दुसरा नियम."

"मग तुझा उपयोग काय?" तेरूच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

परी खुदकन हसली. "थोडासाच आहे. पण आहे!"

तेरूनं नाक पुसलं. "मग मला केकचं सामान दे. आई घ्यायची तसं. आणि दुसरं, व्हायोलिनचं गाणं दे, सगळी कडवी. गाणं नसलं तर झाकण कधी उचलायचं ते कसं कळणार?"

"देईन. पण माझ्या देण्यातला पहिला तुकडा तुझा नाही, हे लक्षात ठेव. आणि मी दिलेलं गाणं हवेत वाजत नाही, ज्यानं मागितलं त्याच्याच कानात वाजतं. तिसरं काय?"

"तिसरं राहू दे," तेरू म्हणाली. तिला काही सुचतच नव्हतं.

परीनं टाळी वाजवली. केळीच्या पानावर चांदीच्या कणांसारखा रवा, हिऱ्यांच्या चुऱ्यासारखी साखर, लोण्याचा शुभ्र गोळा, खवलेला नारळ, वेलची आणि गुळगुळीत गोल गोल अंडी येऊन बसली.

बाबा बाजारातून आले तो तेरू चुलीपुढे बसून अंडी फेटत होती.

"हे कुठून आणलंस?"

"एका बाईनं दिलं."

"कोण बाई?"

"लहानशी आहे. तुम्ही नाही ओळखत."

बाबांनी वाळूचं पातेलं चुलीवर चढवून दिलं आणि चिमट्यानं निखारेही झाकणावर रचून दिले. मग उंबऱ्यावर जाऊन पाठ करून बसले.

आणि तेरूच्या कानात गाणं सुरू झालं. काय ते सूर! रेशमाच्या लडीसारखे, एकही धागा न तुटणारे. तेरू आनंदानं बाबांकडे वळली. बाबा बसल्या जागी मान खाली घालून बोटानं मातीत रेघा ओढत होते. ते इतक्या जवळ होते आणि त्यांना काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. तेरूच्या कानात अख्खा नाताळ वाजत होता आणि घर मात्र मुकं होतं. इतकं एकटं तिला वर्षभरात कधी वाटलं नव्हतं.

शेवटचं कडवं संपलं. बाबांनी निखारे बाजूला केले आणि तेरूनं झाकण उचललं. आत सोनेरी, गुबगुबीत, घमघमणारा केक होता.

"झाला हे कसं कळलं तुला?" बाबांनी विचारलं.

"गाणं संपलं म्हणून."

"कुठलं गाणं?"

तेरूनं केकचा मोठ्ठा तुकडा कापून केळीच्या पानात ठेवला. पहिला तुकडा तिचा नव्हता. मग कुणाचा होता, हे तिला आता ठाऊक होतं.

"कुठे निघालीस?"

"काकांकडे."

बाबा ताडकन उठले. "काही नको! आधी त्यांनी यायचं. अपमान माझा झालाय."

"काकाही असंच म्हणत असतील," तेरू म्हणाली. "मग मी म्हातारी होईपर्यंत केक कुणी खायचा?"

आणि बाबांचा हात पुढे यायच्या आत ती कुंपणाखालून सरपटत गेलीसुद्धा. काट्यांनी फ्रॉक टर्रकन फाडला, कोपरावर लाल रेघ उमटवली. पण पान तिनं छातीशी धरलं होतं. केकला ओरखडासुद्धा आला नाही.

पलीकडच्या घरात काकी भाजी निवडत होती आणि थोरले काका कपाळाला आठ्या घालून बसले होते. आठ्या रोजच्याच होत्या, आज त्यांनी फक्त सणाचे कपडे घातले होते. भिंतीवरच्या फळीवर निळ्या माशांचं ताट पालथं पडलं होतं.

"काय गं? तुला बापानं पाठवलं?" काकांनी विचारलं.

"नाही. बापाची वाट बघितली असती तर आले असते का?" तेरू म्हणाली. "काका, ते ताट द्या."

"कुठलं?"

"ते पालथं. मागच्या नाताळात ते भरायचं राहिलं. आमच्या घरात तेव्हा कुणी चुलीजवळ जात नव्हतं. आईच करायची ना सगळं. आता मला येतं. द्या, भरून देते."

तेरूच्या कोपरावरची लाल रेघ काकांना दिसली. फाटका फ्रॉक दिसला. घट्ट धरलेलं पान दिसलं.

"बघा," काकी पदरानं डोळे टिपत म्हणाली, "वर्षभर घसा कोरडा केला मी. दुखवट्याच्या घरातून कसलं ताट येणार हो? पण तुमच्या डोक्यात ते शिरायला पोरीला काट्यांतून यावं लागलं."

काका उठले. त्यांनी स्वतःच्या हातानं ताट उतरवलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि तेरूपुढे सुलटं धरलं. तेरूनं तुकडा ताटात ठेवला. काकांनी एक घास घेतला आणि कितीतरी वेळ चावतच राहिले.

"तुझ्या आईचाच," ते शेवटी म्हणाले.

मग ते कोपऱ्यात गेले आणि पेटी उघडली. व्हायोलिन कुरकुरलं. वर्षभर कोंडून ठेवल्यावर कोण नाही कुरकुरणार? काका अंगणात येऊन वाजवू लागले. अहाहा नाही, अरेरे! एक सूर घसरला, दुसरा ठेचकाळला, आणि शेवटच्या कडव्याच्या मधोमध काका चक्क अडले. पुढचं आठवेचना. "चुलीपाशी जागा आहे..." इथवर वाजवायचे आणि पुन्हा मागे यायचे.

आणि मग काट्यांच्या पलीकडून, घोगऱ्या, अडखळत्या आवाजात कुणीतरी गायलं,

"सरकून बसू सारी..."

बाबा! बाबा गात होते!

काका थबकले. कुंपणाच्या अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा. 'चुकलं माझं' हे दोन शब्द दोघांनाही येत होते, पण मोठ्या माणसांच्या घशात ते माशाच्या काट्यासारखे अडकतात.

"दादा, तार उतरलीय तुझी," बाबा म्हणाले.

"मग ये आणि ताणून दे. लांबून काय शिकवतोस?" काका म्हणाले.

बाबांनी कुंपणाची एक जुडी उचलून बाजूला टाकली. काकांनी दुसरी. चूल पुन्हा अंगणात आली, काकीनं नानकटाईचा डबा उघडला, आणि तिन्हीसांजेच्या जांभळ्या उजेडात बेसूर, गोड, रडवेलं, हसरं गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

तेरूनं एक छोटासा तुकडा घेतला आणि ती पळत बागेत गेली. केळफूल उजळलेलंच होतं.

"हा तुझा," ती म्हणाली. "आणि मला तिसरं मागणं सुचलं. तू दिलेलं गाणं परत घे."

"का गं? माझं गाणं तर किती सुरेल आहे!"

"आहे खरं," तेरू म्हणाली. "पण त्यात मी एकटीच मावते. काकांचं बेसूर आहे, पण त्यात सगळे मावतात."

परीनं केकचा कण चाखला. तिच्या पंखांवरचा एकेक थेंब दिव्यासारखा पेटला. तेरूच्या कोपरावरच्या ओरखड्यावर तिनं बोट टेकवलं. ओरखडा नाहीसा झाला. मग सोनेरी, केशरी, गुलाबी उजेडाचा एक भोवरा उठला, केळीच्या पानापानांवरून ओघळत अंगणाकडे गेला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. दूर कुठेतरी शिंजीर एकदाच किलबिलला.

तेरूनं वळून पाहिलं. अंगणात बाजूला फेकलेल्या वाळक्या काट्यांवर, टोकाटोकावर, इवली इवली पिवळी फुलं फुलली होती. आणि तिच्या अंगातला फिका फ्रॉक पहाटेच्या आभाळाच्या रंगाचा झाला होता. कुठेही फाटलेला नव्हता.

चुलीपाशी गाणं क्षणभर थांबलं.

"तेरू, अगं कुठे गेलीस?" काकीनं हाक मारली. "ये लवकर. आम्ही सरकलोय!"