कुंपणाचा माथा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एका माळीणबाईची बाग आणि एका वैद्यबुवांचं अंगण एकमेकांना लागून होतं. मध्ये अडुळशाचं कुंपण होतं. ते कुणी लावलं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही घरांच्या वाडवडलांनी मिळून लावलं असावं, आणि लावताना ते भांडले नसावेत, कारण कुंपण अगदी सरळ होतं.

बाई एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बागेत मोगरा होता, त्यावरच तिचं घर चालायचं. चैत्रात देवीचा उत्सव भरला, की देवळातले सगळे हार तिच्या हातचे असायचे. हा मान सासूकडून तिच्याकडे आला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. बाई कष्टाळू, मनानं चांगली, पण तोंडानं तिखट. लवंगी मिरचीच म्हणा ना!

वैद्यबुवाही काही कमी नव्हते. मोडेन पण वाकणार नाही, असा त्यांचा बाणा. खोकल्याच्या काढ्याला अडुळसा लागतो, म्हणून ते रोज सकाळी कुंपणाची कोवळी पानं खुडत. आपल्या बाजूची संपली, की खुशाल बाईच्या बाजूला जात. बाईला हवं होतं ऊन. तिच्या बागेच्या पश्चिमेला तिचं घर, म्हणून मोगऱ्याला ऊन मिळायचं ते सकाळचंच, आणि ते यायचं कुंपणावरून. त्यामुळे कोयता हाती आला, की बाई सपासप कापत सुटायची. आपली बाजू कोणती आणि बुवांची कोणती, हे ती कशाला बघतेय!

एके दिवशी पानं खुडताना बुवांचा पाय मोगऱ्याच्या नव्या रोपावर पडला. झालं! बाई पदर खोचून बाहेर आली.

"डोळे फुटले का हो तुमचे? जितंजागतं रोप तुडवलंत!"

"आणि परवा माझ्या बाजूचे शेंडे छाटून उकिरड्यावर कुणी टाकले?" बुवा गरजले. "दारात माणसं खोकत बसली होती माझ्या!"

"कुंपण माझं आहे!"

"तुमचं कसं? माझं आहे!"

प्रकरण पाटलांकडे गेलं. पाटील आले, त्यांनी कुंपणाच्या बुंध्यापाशी मधोमध एक दोरी टाकली आणि म्हणाले, "दोरीच्या अलीकडचं बाईंचं, पलीकडचं बुवांचं. आपापल्या बाजूची पानं घ्या, आपापली बाजू छाटा. मिटलं?"

"नाही मिटलं," बाई म्हणाली. "एकानं दुसऱ्याच्या हद्दीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही, असं ठरवा."

"ठरलं!" बुवा म्हणाले. "इथं कुणाला हौस आहे?"

दोघंही गड जिंकल्यासारखे घरी गेले. त्या दिवसापासून बोलणंचालणं बंद.

आता गंमत ऐका. बाई आपली बाजू छाटायची, बुवा आपली बाजू छाटायचे. कुंपण दोन्हीकडून कसं भिंतीसारखं गुळगुळीत! पण माथा? माथा ना अलीकडचा, ना पलीकडचा. बाई म्हणायची, "वरची पानं त्यांनाच हवीत, कापतील की ते." बुवा म्हणायचे, "ऊन तिला हवंय, कापेल की ती." पावसाळा गेला, थंडी गेली, आणि अडुळसा आपला वर वर चढत राहिला. झाडाला काय हो, कुणी हात लावला नाही तर ते वाढणारच.

फाल्गुन लागला तसे देवळातले पुजारी बाईच्या दारात आले.

"बाई, यंदाही हार तुमचेच ना? नाहीतर आत्ताच सांगा. पलीकडच्या गावातला माळी मागेच लागलाय."

"म्हणजे काय! हे विचारायचं असतं होय?" बाई तोऱ्यात म्हणाली.

पुजारी गेले आणि बाई बागेत आली. पाहते तर झाडं हिरवीगार, पण कळी शोधावी लागत होती. सूर्य चांगला वर आला तरी ऊन कुंपणाच्या मागेच अडकलेलं. ते खाली उतरेपर्यंत दुपार व्हायची, आणि मग घराची सावली पडायची. हार गेले तर मान गेला, आणि मान एकदा दुसऱ्या गावाला गेला की परत येतो थोडाच!

ती तडक पाटलांकडे गेली. पाटलांनी बुवांनाही बोलावून घेतलं.

"पाटील, कुंपणाचा माथा वैद्यबुवांचा आहे," बाई म्हणाली. "त्यांना छाटायला सांगा."

"माझा? मुळीच नाही," बुवा म्हणाले. "माथा बाईंचा. माझं काही म्हणणं नाही, सगळा त्यांनाच देऊन टाका."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "काय माणसं आहात! मागच्या खेपेला पानापानासाठी भांडत होता, आणि आज अख्खा माथा बेवारशी? अहो, मी दोरी जमिनीवर टाकली होती, आभाळात नव्हती टाकली. जा घरी, मला दुसरी कामं आहेत."

बाई पाय आपटत घरी आली. कुणाची मनधरणी करायला अडलंय माझं खेटर, असं म्हणत तिनं शिडी काढली. पण शिडी लावायची कुठे? तिच्या बाजूला तर कुंपणाच्या मुळापर्यंत मोगराच मोगरा. मोकळी जमीन होती ती बुवांच्या अंगणात, आणि तिथं पाऊल टाकायचं नाही हे तिनंच ठरवून घेतलेलं. शेवटी तिनं शिडी वाफ्यातच रेटली. सासूनं लावलेल्या सगळ्यात जुन्या झाडाची फांदी कडाडकन मोडली. बाईचा जीव कळवळला. तरी ती वर चढली.

वर पोचल्यावर तिनं पलीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

खाली बुवा चौरंगावर उभे होते. लांब काठीला विळा बांधून ते माथ्यापर्यंत पोचायची खटपट करत होते. पण म्हातारा खांदा. हात काही वर जाईना. काठी दर वेळी घसरून खाली येत होती. शेजारच्या बाजेवर पानं वाळत घातली होती, ती चार-दोनच, तीही पिवळी, जून. कोवळी पानं सगळी वर होती, बुवांच्या हाताबाहेर.

'बरं झालं! भोगा आता आपल्या कर्माची फळं!' असे शब्द बाईच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तिची नजर खाली आपल्याच बाजूच्या मोडलेल्या फांदीकडे गेली. ती फांदी काही बुवांनी मोडली नव्हती. बाईला मनातून फार लाज वाटली. तिनं शब्द गिळले.

"बुवा," तिनं हाक मारली. "शिडी तुमच्या अंगणात लावू का?"

बुवांनी दचकून वर पाहिलं. त्यांनी विळ्याची काठी खाली ठेवली.

"वहिनी, माथा छाटायला तुम्हाला बोलवावं म्हणून मी रोज कुंपणापाशी येत होतो, पण हाक मारवत नव्हती," ते म्हणाले. "या तुम्ही इकडे, आणि वर चढा. माझा खांदा गेलाय, पण शिडी धरून ठेवेन."

बाई खाली उतरली आणि शिडी घेऊन, वळसा घालून शेजारच्या अंगणात गेली. ती वरून कापत होती, बुवा खाली शिडी धरून उभे होते. एक शेंडा वाया जाऊ दिला नाही त्यांनी. संध्याकाळपर्यंत बाज कोवळ्या पानांनी भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोगऱ्यावर लख्ख ऊन पडलं.

पण हरवलेले दिवस कुठून आणायचे? उशिरा मिळालेल्या उन्हावर मोगरा फुलला, तो निम्माच. उत्सवाच्या आधी बाई स्वतः देवळात गेली.

"अर्धेच हार होतील," ती पुजाऱ्यांना म्हणाली. "बाकीचे त्या माळ्याकडून घ्या."

"अरेरे! शेजाऱ्यानं ऊन अडवलं म्हणे तुमचं?" पुजारी हळहळले.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो," ती म्हणाली. "ऊन कुणी अडवलं नव्हतं. मीच मागायला गेले नाही."

तात्पर्य एवढंच, की सामाईक कुंपणावर हक्क सांगायला दोघंही धावतात; त्याची निगा राखायला जो आधी शेजाऱ्याला हाक मारतो, तोच खरा धनी.