न ओढलेली गाठ

फार जुनी गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांचा थवा राहायचा. त्यांची एक रीत होती. घरटं विणून झालं, की दुसऱ्या कोणीतरी त्याची प्रत्येक गाठ चोचीने ओढून बघायची. सुटली तर पुन्हा विणायची, रुसायचं नाही.

थव्यात नवीन कोणाला घ्यायचं, हे म्होरक्या ठरवायचा. एकदा लांबच्या बोरीवरून एक सुगरण आली. म्होरक्याने तिला आपलंच घरटं दाखवलं. "कसं वाटतं?"

तिने गाठी ओढून पाहिल्या. "दादा, वरची गाठ सैल आहे."

"आमच्यात तुझं जमायचं नाही," म्होरक्या म्हणाला. ती उडून गेली. बाकीच्यांनी ते पाहिलं.

त्यानंतर म्होरक्याच्या घरट्याला कोणी चोच लावली नाही. संध्याकाळी सगळ्या झाडावर ओढाताण, भांडणं, हसणं चालायचं. त्याच्या फांदीवर तेवढी शांतता असायची. "या की, माझंही ओढून बघा," तो म्हणायचा.

"तुमचं काय बघायचं? झकासच असणार!" लांबूनच उत्तर यायचं.

एका दुपारी वावटळ आली आणि नेमकं त्याचंच घरटं विहिरीत पडलं.

"गाठ सैल आहे, हे कोणालाच दिसलं नाही?" त्याने विचारलं.

 मग एक म्हातारा पक्षी म्हणाला, "दिसत होतं. पण सांगणारीचं काय झालं, तेही दिसलं होतं."

म्होरक्याने पुन्हा विणायला घेतलं. पहिली गाठ त्याने स्वतःच ओढून पाहिली, आणि मग कितीतरी वेळ लांबच्या बोरीकडे बघत राहिला.