चिकटपट्टी लावलेली दोन घड्याळे

शके एकोणीसशे पंचेचाळीसचा पौष महिना. थंडी ऐन भरात होती. नदीकाठच्या एका पेठेच्या गावात एक कापडाचा व्यापारी राहत असे. ज्या तालमीच्या मातीत तो घडला, तिथले वृद्ध वस्तादही त्याच गावात होते. व्यापाऱ्याचे केस पिकू लागले होते, तरी तो त्यांचा शिष्यच होता. शिष्यपण वयाने सुटत नाही.

या शिष्यावर वस्तादांचे एक देणे होते. विशीत असताना एका जत्रेत तो कुस्ती जिंकून उठला, फेटा बांधून घेतला आणि हसत उभा राहिला. वस्तादांनी त्याचे मनगट धरले. "मला काही झालेलं नाही," असे तो म्हणत असतानाच त्यांनी त्याला उचलून जीपमध्ये घातले आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेले. त्याच्या पोटात आतल्या आत रक्त वाहत होते. तो वाचला. "हे कसं फेडू?" असे त्याने विचारले, तेव्हा वस्ताद एवढेच म्हणाले, "फिटलं की मी सांगीन. तवर तालमीत येत जा."

तो येत राहिला. लग्न झाले, दुकान वाढले, तरी पहाटेची मेहनत चुकली नाही. ती चुकली मनगटावर घड्याळ आल्यावर.

हे घड्याळ वेळ सांगण्यासाठी नव्हते. पावले, ठोके, झोप, सगळे ते मोजत असे. आणि तालमीचा नियम असा की मातीत उतरताना अंगठी, दोरा, घड्याळ, काही अंगावर ठेवायचे नाही. सगळे दाराजवळच्या कोनाड्यात ठेवायचे. त्यामुळे व्यापारी आत जोर मारी, बैठका काढी, घामाने निथळे आणि संध्याकाळी घड्याळ त्याला म्हणे, आज तुम्ही फार बसून राहिलात. हे त्याच्या मनाला लागले. महिनाभरातच त्याने तालीम सोडली आणि बाजाररस्त्याला फेऱ्या घालू लागला. घाम येत नसे, पण घड्याळ शाबासकी देई. जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, असे त्याला वाटू लागले होते.

त्याला हसू नये. त्याचे वडील पन्नाशी गाठण्याआधीच दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या गेले होते. तो आता त्याच वयाला आला होता. आपल्यावर तशी वेळ आली तर मनगटावरचा हा पहारेकरी आधी हाक मारील, या भरवशावर तो झोपत असे.

आता पहारेकरीच थकला. दुपारपर्यंतच त्याची बॅटरी उतरू लागली. नवे घेणे भाग पडले. ओळखीच्या दुकानदाराने दोन घड्याळे समोर ठेवली आणि म्हणाला, "आठ दिवस वापरून बघा, शेठ. नको असेल ते परत आणा." पहिल्याचा पडदा मोठा होता, चार्जिंग पंधरवडा टिके. झोप किती, थकवा किती, आज व्यायाम करावा की करू नये, सगळे ते सांगे. दुसरे दिसायला साधे, रोज चार्ज करावे लागणारे. पण कडेच्या बटणावर बोट टेकवले की हृदयाच्या ठोक्यांची रेघ काढून दाखवणारे.

कापडाच्या दोन ताग्यांतून निवड करायला व्यापाऱ्याला क्षण लागत नसे. इथे बोटांना पोत कळेना. ज्यांनी एकदा मनगट धरून आतले ओळखले होते, त्यांनाच विचारावे म्हणून तो तालमीत गेला.

वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला माती चाळत होते. त्यांनी वर पाहिले नाही. "या शेठ. वाट चुकलात?"

"वस्ताद, एक विचारायचं होतं."

"दोन दिसत्यात हातात."

त्याने दोन्ही घड्याळांची माहिती सांगितली. वस्तादांनी सगळे ऐकून घेतले. मग भिंतीवरच्या पेटीतून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि दोन्ही घड्याळांचे पडदे तिने झाकून टाकले.

"दोन्ही हातांत घाल. पट्टी काढायची न्हाई. रोज पहाटे हितं यायचं. काढीन ती मी."

"पण वस्ताद, मग दिसणार काय?"

"तेच बघू."

पेठेत हसे झाले. समोरचा शिंपी म्हणाला, "शेठ, एक आपली वेळ दाखवतंय आणि दुसरं अमेरिकेची का?" वस्तादांचे वागणे त्यालाही कळले नव्हते. पण पट्टीला त्याने नख लावले नाही.

पहाटे तालमीच्या दारात वस्ताद विचारीत, "झोप कशी झाली? अंग कसं हाय?" त्याने उत्तर दिले की मगच पट्टी उचलून दोघे पडदा बघत. घड्याळे कोनाड्यात जात, शिष्य मातीत उतरे, आणि बाहेर आल्यावर पुन्हा पट्टी बसे. सोबत वस्तादांनी त्याला मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी बघायला लावले. "दाबू नगंस. ती येती आपणहून."

पहिल्या पहाटे त्याची उत्तरे अडखळली. झोप कशी झाली, हे पट्टीखाली बघितल्याशिवाय त्याला सांगता येईना. हळूहळू जमू लागले. "मध्ये उठलो होतो," तो म्हणे, आणि घड्याळही तेच म्हणे. एका पहाटे अंग हलके आहे असे तो म्हणाला, तर पहिल्या घड्याळाने विश्रांती घ्या असे लिहिले होते. वस्ताद म्हणाले, "जा, उतर मातीत. बघू कोण खरं." त्या दिवशी त्याची मेहनत पूर्वीसारखी झाली.

मुदत संपली त्या पहाटे वस्तादांनी दोन्ही पट्ट्या काढून फेकल्या.

"शेठ, तुझा बाप गेला, त्याआधी त्याच्या अंगानं काय सांगितलं न्हवतं?"

व्यापारी हळू आवाजात म्हणाला, "माळ्यावरच्या गोदामात चढताना दम लागायचा. खांदा चोळत बसायचे. गॅस आहे म्हणायचे."

"म्हंजी हाक आली हुती. ऐकणारा न्हवता. तू हाक ऐकायचं काम मनगटावर सोपवलंस. ते तुझ्या कानांचं हाय. झोप, दमणूक, भूक, घाम, हे तुझं तुला कळतं. त्याच्यासाठी घड्याळ घेऊ नगंस. जे अंग सांगतच न्हाई, तेवढ्यापुरतं घे. आणि त्यानं सांगितलं की ते तरी ऐक."

व्यापाऱ्याने पहिले घड्याळ खोक्यात परत ठेवले. दुसरे हातात राहिले. निवड झाली होती.

"आता माझी नाडी बघ," वस्तादांनी हात पुढे केला. "सवताची ओळखीची झाली की दुसऱ्याची कळती."

त्याने दोन बोटे ठेवली. बराच वेळ ठेवली.

"किती?"

"मोजता येत नाही, वस्ताद. ताल नाही. दोन ठोके घाईनं येतात, मग एक येतच नाही."

"बोट चुकतंय तुझं."

"बोट तुम्हीच तयार केलंय."

त्याने हातातले घड्याळ वस्तादांच्या मनगटावर बांधले. जन्मात त्या हाताला घड्याळ लागले नव्हते. "हितं चालत न्हाई ते," वस्ताद म्हणाले. "आपण मातीच्या बाहेर आहोत," शिष्य म्हणाला, आणि त्यांचे दुसऱ्या हाताचे बोट धरून बटणावर टेकवले. रेघ उमटली. ती वाकडीतिकडी, अंतर सोडून धावणारी होती. खाली लिहून आले, डॉक्टरांना दाखवा.

"वय झालं की हुतंय असं. काढ ते. मला काय झालेलं न्हाई."

व्यापाऱ्याला जत्रा आठवली. हेच शब्द आपले होते.

"तुम्ही तेव्हा मला विचारलं होतं का?" एवढेच तो म्हणाला. म्हाताऱ्या पैलवानाच्या काखेत खांदा घालून त्याने त्यांना उठवले आणि गाडीत बसवले. वाटेत वस्ताद दोनदा रागावले. त्याने गाडी थांबवली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मशिनवर तपासले. हृदयाचा ताल बिघडला होता, आणि कधीपासून ते कोणी सांगू शकत नव्हते. आणखी काही दिवस असेच गेले असते, तर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अंगावरून वारे जाण्याची भीती होती. औषध सुरू झाले. दोन दिवस ठेवून घेऊ, डॉक्टर म्हणाले.

व्यापारी खाटेजवळ उभा होता. वस्तादांनी डोळे उघडले, त्याला जवळ बोलावले आणि त्याचे मनगट धरले, जत्रेत धरले होते तसेच.

"तुझं देणं आज फिटलं," ते म्हणाले.