कातळगडच्या ओळीतली रिकामी जागा

सेनापती धरून फौज दोन हजार पाचशे एकोणीस, आणि ओळी काही केल्या पुऱ्या होईनात.

कातळगडची रीत अशी, की नवरात्रात फौजेने देवीला मुजरा करायचा तो पहिल्या दिवशी दोन-दोनच्या ओळींत, दुसऱ्या दिवशी तीन-तीनच्या, असं करत नवव्या दिवशी दहा-दहाच्या. ओळ अपुरी राहिली तर अपशकुन. गेल्या वर्षी सगळं जमलं होतं. पण पावसाळ्यात म्हातारा शिपाई रायाजी वारला, आणि त्याच्या जागी नवा माणूस भरायचा नाही हा महाराजांचा हट्ट. आदल्या दिवशी सराव झाला. दोनच्या ओळी केल्या, शेवटी एक जागा रिकामी. तीनच्या केल्या, पुन्हा एक रिकामी. दहापर्यंत तेच.

"शास्त्रीबुवा," महाराज हत्तीवरून म्हणाले, "तुम्ही दरबारचे गणिती. कुणाला घ्यायचं नाही, कुणाला काढायचं नाही. संध्याकाळपर्यंत ओळी भरा, नाहीतर पगडी खाली ठेवा."

पगडीशिवाय मला घरचेसुद्धा ओळखत नाहीत. मी धुळीत बसून आकडे मांडले.

"महाराज, अकराच्या ओळी अगदी बरोबर बसतात."

"मग देवीला सांगू का, एक दिवस जास्त बस म्हणून?"

फौज हसली. मीही हसलो, एकटाच गंभीर राहणं बरं दिसलं नसतं.

"कमी एकच माणूस आहे," मी म्हणालो. "तो आला की दोन हजार पाचशे वीस. त्याला दोनपासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य. तर... मी उभा राहू का?"

"देवीपुढे तलवार उचलून शपथ घेतलेलाच ओळीत उभा राहतो. तुमचा हात बोरू धरतानाही कापतो."

खरं होतं.

माळ्याची लेक भिवरा झेंडूची पाटी घेऊन शेजारीच उभी होती. तिने पाटी खाली ठेवली.

"महाराज, ती शपथ या सगळ्यांत पहिली कुणी घेतली?"

"मी. राज्याभिषेकाच्या दिवशी."

"मग शास्त्रीबुवांचं गणित बरोबर आहे. पहिलाच शिपाई ओळीत नाही. तो हत्तीवर बसलाय."

मी आपली पगडी काढून हातात घेतली, कुणाला तसदी नको म्हणून.

वरून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग महाराज गडगडून हसले. ते खाली उतरले आणि रायाजीच्या जागी जाऊन उभे राहिले. दोनची ओळ भरली, तीनची भरली, दहाचीही भरली!

"भिवरा, माग काय ते."

"हत्ती आता नऊ दिवस रिकामाच की. माझ्या फुलांच्या पाट्या नेऊ द्या त्याला."

"दिला. नदीकाठचा मळाही तुझा. आणि शास्त्रीबुवा, पगडी घाला आणि तुम्हीही वर बसा. उंचावरून ओळी मोजायला सोपं जाईल."

उंचावर मला घेरी येते. नऊही दिवस मी झेंडूच्या पाटीला मिठी मारून, डोळे गच्च मिटून ओळी मोजल्या. बाकी रोज शून्यच आली.